गाडी कोण चालवत होतं

विल्फ हारग्रीव्ह्जला उभ्या जन्मात कुणी खोटारडा म्हटलं नव्हतं. उत्तर इंग्लंडातल्या पॅडिहॅमच्या बोलिंग क्लबात हिरवळीवर कुणाचा गोळा निशाणीच्या जास्त जवळ गेला यावरून दोन म्हातारे हमरीतुमरीवर आले, की दोन्ही बाजूंचे लोक म्हणायचे, जाऊ द्या, विल्फला मोजू द्या. विल्फ गुडघे मोडून खाली बसायचा, सुतळी लावायचा आणि सांगेल ते खरं. अशा माणसावर एकोणऐंशीव्या वर्षी सख्ख्या बायकोशी खोटं बोलायची पाळी आली, आणि तीही कशापायी, तर दुकानांपुढच्या गाड्या लावायच्या एका जागेपायी.

सुरुवात एप्रिलात झाली. बर्नलीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एनिडला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. एनिड म्हणजे विल्फची बायको. ऐन उमेदीत आल्डर या कापडाच्या मिलच्या साचेखात्यात, मागांवर, बावीस वर्षं काढलेली, त्यातली बारा वर्षं युनियनची प्रतिनिधी. मालकाच्या कारकुनाने कागद काढायच्या आत हिचा तोंडी हिशेब तयार असायचा. ती म्हणाली त्र्याण्णव. मग म्हणाली शहाऐंशी. मग तिने विल्फकडे पाहिलं. बावन्न वर्षांच्या संसारात तिने कधी कुठल्या उत्तरासाठी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर ती गाडीतून उतरेना. पुढच्या काचेतून समोर बघत बसून राहिली.

"गाडी चालवणं मी आजपासून सोडलं," ती म्हणाली. "तेवढं त्या डॉक्टरीणबाईचं खरं आहे. पण हे घराबाहेर जायचं नाही, विल्फ. आपल्या गिलियनला तर नाहीच नाही. एकदा का कळलं, की सगळे माझ्याशी तान्ह्या पोराशी बोलल्यासारखे बोलणार. आणि मग कुठेतरी नेऊन ठेवणार."

"नाही सांगत कुणाला."

"असं नाही. शब्द दे."

विल्फने शब्द दिला. गिलियन ही त्यांची एकुलती एक लेक, प्रेस्टनला असायची. पोरगी वाईट नव्हती, उलट कामाला वाघ. पण तिचं सगळं झटपट. सासूचं डोकं फिरायला लागलं तेव्हा तिने तीन आठवड्यांत तिची सोय लावली होती. वृद्धाश्रमातली बागेकडची खोली, नवे पडदे, कपड्यांवर नावं शिवलेली, कुठे बोट ठेवायला जागा नाही. एनिड एकदा तिथे भेटून आली आणि परतीच्या वाटेवर एक अक्षर बोलली नव्हती.

आता शहाणा माणूस काय करेल? गाडीच्या किल्ल्या लपवेल. विल्फने लपवल्या नाहीत. स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर त्या कायमच्या टांगलेल्या असायच्या, तिथेच ठेवल्या. काढून घेतल्या असत्या तर तिच्या तोंडावर बोलून दाखवल्यासारखंच झालं असतं, असं त्याचं म्हणणं. त्याचं म्हणणं चुकीचं होतं हे ऑक्टोबरात कळलं.

सोमवार होता. दुपारचं जेवण उरकून विल्फ वर जाऊन आडवा झाला. साडेतीनला खाली आला तर चहाचं आधण नाही, एनिड नाही, तिचा कोट नाही आणि खिळाही रिकामा. तो गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला. फोन उचलला आणि ठेवून दिला, कारण पोलिसांना सांगायचं म्हणजे काय सांगायचं? दोन तास तो खिडकीशी बसून राहिला, आणि त्या दोन तासांत त्याने देवाला जे जे कबूल केलं ते पुरं करायचं तर त्याला आणखी एक जन्म लागला असता.

साडेपाचला गाडी आली. पट्टी ठेवून आखावी तशी सरळ फुटपाथला लागली. एनिड आत आली आणि कोट काढता काढता करवादली. "आज भोंगाच झाला नाही. गेट बंद. थांबले, वाट बघितली, चिटपाखरू नाही. पुन्हा काम कमी केलं वाटतं मेल्यांनी. आधी सांगायची काही रीत आहे की नाही?"

आल्डर मिल बंद पडून छत्तीस वर्षं झाली होती. चिमणी पाडली त्या दिवशी हीच एनिड रस्त्यावर उभी राहून रडली होती. आता तिथे चार मोठी दुकानं होती आणि त्यांच्यापुढे गाड्या लावायला डांबरी पटांगण. त्या पटांगणात, बहुधा जुन्या गेटाच्या जागेसमोर, ती चार तास गाडीत बसून पाळी सुरू व्हायची वाट बघत होती.

"उद्या उघडतील," विल्फ म्हणाला. त्याने तिचा कोट टांगला आणि चहा टाकला. हे त्याचं पहिलं खोटं. त्या संध्याकाळी त्याने किल्ल्या उचलून बोलिंगच्या गोळ्यांच्या पिशवीत तळाशी घातल्या, आणि एनिडने दोन दिवस रिकाम्या खिळ्याकडे नुसतं पाहिलं.

तिथवरच राहिलं असतं तर निभावलं असतं. पण एकोणिसाव्या दिवशी सकाळी पाकीट आलं. गाडी विल्फच्या नावावर, म्हणून पाकीटही त्याच्याच नावाचं. पण त्या घरात टपाल कुणाच्याही नावाचं येवो, उघडायची एनिडच. युनियनच्या दिवसांपासूनची सवय. तिने चष्मा लावला, टोस्ट बाजूला सारला आणि वरपासून खालपर्यंत वाचलं. गाड्या लावायची ती जागा सांभाळणारी कुठली तरी खाजगी कंपनी होती. तुमची गाडी एक वाजून बारा मिनिटांनी आत आली, पाच एकवीसला बाहेर पडली, परवानगी दोनच तासांची, सबब शंभर पौंड भरा, चौदा दिवसांत भरलेत तर साठ. खाली दोन फोटो, येतानाचा आणि जातानाचा. त्यांत गाडीचा नंबर ठळक होता आणि आत कोण बसलंय ते काही दिसत नव्हतं.

"आपलीच गाडी ही?"

"नंबर तर आपलाच दिसतो," विल्फ म्हणाला.

"तू गेला होतास?"

"नाही."

"मी तर एप्रिलातच गाडी सोडली. मग कोण गेलं होतं, भूत?" एनिडने कागद टेबलावर आपटला. तिच्या गालांवर रंग चढला होता. कितीतरी महिन्यांत विल्फने तिला इतकं जागं पाहिलं नव्हतं. "लुच्चे आहेत. म्हाताऱ्यांची नावं शोधून काढतात नि पाठवतात कागद. एक पैसा द्यायचा नाही, विल्फ. जे केलं नाही त्याचे पैसे देणं म्हणजे केलं म्हणून कबूल करणं. तू भांड."

'मीच गेलो होतो' म्हणायचं त्याला वेळेवर सुचलं नाही, आणि विल्फ अडकला तो असा. साठ पौंड त्याने हसत दिले असते. गुपचूप देऊन टाकावेत असंही मनात आलं, पण बँकेचा कागद दर महिन्याला एनिडच पेन्सिलीने खुणा करत तपासायची, आणि नेमकं तेवढं काम तिचं अजून चोख होतं. भरले असते तर तिने विचारलं असतं, का भरलेस? आणि त्याला एकच खरं उत्तर होतं. ते द्यायचं नाही म्हणून विल्फ भांडायला निघाला.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर गुरुवारी फुकट सल्ला मिळायचा. तिथे नसरीन बसायची. बशीरची मुलगी, यांच्याच गल्लीत वाढलेली. बशीर रात्रपाळीला ज्या साच्यांवर असायचा त्याच साच्यांवर दिवसपाळीला एनिड. सकाळी सहाला एक उठायचा आणि दुसरी उभी राहायची. त्या ओळखीवर नसरीनने लहानपणी एनिडच्या हातची टॉफी पोटभर खाल्ली होती. आता ती पन्नाशीला आली होती तरी विल्फला विल्फअंकलच म्हणायची.

तिने कागद उलटसुलट वाचला, दोनदा तारीख पाहिली आणि हसली.

"विल्फअंकल, पहिली गोष्ट, हा दंड नाही. दंड पोलीस करतात नाहीतर पालिका. हे एका खाजगी कंपनीचं बिल आहे, दंडाच्या वेषातलं. दुसरी गोष्ट, गाडी चालवणारा कोण ते त्यांना ठाऊक नसलं तर त्यांनी गाडीच्या मालकाला धरायचं अशी सोय कायद्याने त्यांना दिलीय. पण त्यासाठी कागद चौदा दिवसांत तुमच्या हातात पडायला हवा. हा पडला एकोणिसाव्या दिवशी. म्हणजे तुम्ही सुटलात. आता त्यांना धरायचं तर जो चालवत होता त्यालाच धरावं लागेल."

विल्फचा चेहरा पडला. "मग ते विचारतील की, कोण चालवत होतं."

"विचारू देत."

"मला सांगावं लागेल ना पण?" असं म्हणून तो पुढे बोलणारच होता, तेवढ्यात नसरीनने हात वर केला.

"मलासुद्धा सांगू नका. ते सांगायला तुम्ही बांधलेले नाही, हीच तर सगळी गंमत आहे. तुम्ही मालक. बस. चालवणारा तो चालवणारा. पुरुष की बाई, घरचा की बाहेरचा, काही सांगायचं नाही. तोंड बंद ठेवलंत की झालं."

विल्फला रडू यायचंच बाकी राहिलं. सात महिने तो जे छातीशी धरून बसला होता तेच कायदाही त्याला करायला सांगत होता, गप्प बस म्हणून. नसरीनने तिथल्या तिथे चार ओळींचं पत्र टाइप केलं. मी या गाडीचा नोंदणीकृत मालक आहे. गाडी कोण चालवत होतं हे सांगायला मी बांधलेला नाही आणि सांगणार नाही. तुमचा कागद मुदतीनंतर आल्यामुळे मालक या नात्याने माझ्याकडून तुम्हाला काही मागता येत नाही. मागणी रद्द करून तसं कळवावं.

"सही करा आणि पेटीत टाका," ती म्हणाली. "आपलं एक अक्षर त्यात घालायचं नाही, विल्फअंकल."

घरी येऊन त्याने ते पत्र टेबलावर ठेवलं आणि वाचलं, आणि त्याला ते फारच उद्धट वाटलं. ना कृपया, ना आभार, ना क्षमा. विल्फ अशा मुलखातला माणूस, की जिथे ज्याच्या पायावर पाय पडतो तोच आधी माफी मागतो. तीस वर्षं क्लबाचा चिटणीस म्हणून त्याने पत्रं लिहिली होती. एक मेंबर दारू पिऊन हिरवळीवर नको ते करून गेला, त्याला काढून टाकल्याचं पत्रसुद्धा विल्फने 'आपल्या अनेक वर्षांच्या सहकार्याबद्दल आभारी आहोत' असं म्हणून सुरू केलं होतं. असलं चार ओळींचं दटावणीवजा पत्र आपल्या सहीने जावं हे त्याला काही केल्या पटेना.

एनिड टीव्हीपुढे खुर्चीत डुलकी घेत होती. विल्फने घरातला चांगला कागद काढला, शाईचं पेन काढलं. सोबत एक ओळ जोडायची, एवढंच. 'आपल्याला झालेल्या तसदीबद्दल दिलगीर आहे.' ती लिहिली. मग वाटलं, दिलगीर कशाबद्दल ते तरी लिहायला हवं. 'कुणाचाही फसवण्याचा हेतू नव्हता.' आणि मग, कुणाचा नव्हता ते सांगितल्याशिवाय या वाक्याला अर्थच नाही, असं म्हणत पेन पुढे गेलं ते थांबेना.

दीड पान झालं. माझी बायको एनिड तिथे बावीस वर्षं कामाला होती. हल्ली तिच्या डोक्याचं ठीक नाही. तिला वाटलं तिची पाळी आहे. ती भोंग्याची वाट बघत होती. ती फार हुशार बाई आहे, आपण तिला दहा वर्षांपूर्वी भेटायला हवं होतं. कधी कधी ती मलाच विचारते, विल्फ कधी येणार घरी. मी कुणाला सांगितलेलं नाही, मुलीलाही नाही. मी दमलोय. रात्री ती उठते म्हणून मी झोपत नाही, आणि कधी कधी मनात येतं की हे सगळं एकदाचं संपावं, आणि मग माझी मलाच लाज वाटते. एवढं लिहून खाली सही, आपला नम्र.

हा त्याचा मूर्खपणा होता यात शंका नाही. पण जरा त्याच्या जागी बसून बघा. जिवाभावाच्या माणसांना सांगायची बंदी, आणि आतलं तर दाटून आलेलं. लांबच्या कुठल्या शहरात बसलेला एक नाव-गाव नसलेला कारकून, त्याच्यापुढे बोललं तर ते सांगितल्यासारखं थोडंच होतं? असं विल्फला वाटलं. त्याने पुन्हा वाचलंसुद्धा नाही. नसरीनच्या पत्रामागे ते दीड पान घातलं, तिकीट लावलं आणि टाकून आला. त्या रात्री कित्येक महिन्यांनी त्याला शांत झोप लागली.

एनिड बाकी सगळं विसरायची, पण भांडण विसरली नाही. रोज सकाळी टपालाने दार खडखडलं की तिचा प्रश्न ठरलेला, आलं का त्या लुच्च्यांचं उत्तर? विल्फ म्हणायचा, येईल, घाबरलेत ते तुला. यावर ती हसायची. ते दोन-तीन आठवडे, खरं सांगायचं तर, त्या वर्षातले बरे दिवस होते.

उत्तर नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी आलं. विल्फ तिच्या गोळ्या आणायला गेला होता, येताना दुपारसाठी मटण-बटाटा भरून भाजलेल्या दोन पाई घेतल्या. तो घरी आला तेव्हा एनिड स्वयंपाकघरात टेबलाशी ताठ बसली होती. चष्मा डोळ्यांवर, समोर कागद पसरलेले. तिच्याकडे बघूनच त्याला कळलं की आज ती आहे, पूर्ण आहे. असे दिवस अजून यायचे, महिन्यातून तीन-चार. नेमका आजचा त्यातला निघावा हे नशीब.

पाकीट या वेळी तिच्या नावाचं होतं. मिसेस एनिड हारग्रीव्ह्ज. गाडीच्या मालकाने दिलेल्या लेखी निवेदनानुसार सदर वेळी गाडी आपण चालवत होता, तरी शंभर पौंड आपण भरावेत, चौदा दिवसांत भरल्यास साठ. पुरावा म्हणून निवेदनाची प्रत जोडली होती. विल्फचं सुंदर, उजवीकडे कललेलं अक्षर, दीड पान.

त्याने हातातल्या पाई टेबलावर ठेवल्या. बसायचं धाडस होईना.

"म्हणजे गाडी मीच नेली होती," एनिड म्हणाली.

"हो."

"आणि वर तुला भांडायला लावलं."

"हो."

"दीड पान." तिने कागदावरून बोट फिरवलं. "बावन्न वर्षांत मला कधी दीड ओळ लिहिली नाहीस, मेल्या."

तिने एका ओळीवर बोट थांबवलं. "हे असं विचारते मी? विल्फ कधी येणार म्हणून?"

"कधी तरी. संध्याकाळचं."

"मग तू काय सांगतोस?"

"सांगतो, येईल, साडेपाचपर्यंत येईल."

एनिडने चष्मा काढला. रडली नाही ती. रडली असती तर विल्फला सोपं गेलं असतं. ती अगदी साधेपणाने म्हणाली, "दमलास तू. मला सांगायचं होतंस रे. त्यांना काय सांगितलंस?"

विल्फ मटकन खुर्चीवर बसला आणि ढसाढसा रडला. एनिड उठली. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तशीच फोनकडे गेली. गिलियनचा नंबर तिला पाठ होता. उभ्याने बोलली, युनियनच्या सभेत बोलायची त्या आवाजात, मोजून चार वाक्यं. मला स्मृतिभ्रंश झालाय. एप्रिलात कळलं. तुझ्या बापाने माझ्यासाठी तोंड शिवून ठेवलंय आणि आता त्याच्याने होत नाही. रविवारी ये. फोन ठेवून ती आली, पाई गरम केल्या आणि आपली अख्खी खाल्ली.

विल्फला वाटलं, संपलं. छातीवरचा दगड तिनेच उतरवला. त्याच्या मनात तिच्याबद्दल माया दाटून आली.

बुधवारी सकाळी दार खडखडलं तेव्हा एनिडने विचारलं, आलं का त्या लुच्च्यांचं उत्तर? मंगळवार गेला होता. कागद, दीड पान, फोन, सगळं पुसून गेलं होतं. विल्फ म्हणाला, नाही आलं. कंपनीचा कागद त्याने घड्याळामागे खोचला होता.

गुरुवारी तो नसरीनकडे गेला. तिने प्रत वाचायला घेतली तेव्हा तिच्या कपाळाला आठ्या होत्या, आणि वाचून झाली तेव्हा आठ्या नव्हत्या. ती म्हणाली, अजूनही लढता येईल, डॉक्टरचं पत्र लावू, आजारी बाईच्या मागे लागायची त्यांचीही छाती होणार नाही. विल्फने मान हलवली. आता लढून लपवायचं काय राहिलं होतं? नसरीनने विचारलं, आंटीला भेटायला येऊ का? तो म्हणाला, ये, पण नेहमीसारखी ये.

रविवारी अकराला गिलियन आली. केक आणला होता. डोळे सुजलेले. दारातच तिने आईला मिठी मारली आणि ती सोडेचना. मग आईचे दोन्ही हात धरून, एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने म्हणाली, "कशी आहेस मम? जेवतेस ना नीट? मी कोण, ओळखलंस ना?"

एनिडच्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे थिजलं. याच आवाजाची तिला भीती होती.

गिलियनला ते कळलं नाही. ती घरभर फिरली, कपाट उघडून गोळ्या पाहिल्या, घड्याळामागचा कागद ओढून काढला. "हे काय घेऊन बसलात तुम्ही, डॅड?" म्हणत तिने पर्समधून कार्ड काढलं, खिडकीशी पाठ करून उभी राहिली आणि कंपनीला फोन लावला. एवढी पायपीट, एवढी पत्रं, एवढा मनस्ताप, ते सगळं ती अंगातला कोट न काढता साठ पौंडांत मिटवत होती.

एनिड खोलीच्या या टोकाला खुर्चीत होती, विल्फ त्या टोकाला दाराशी. साचेखात्यात चारशे साचे एकदम धडधडतात तिथे आवाजाचा उपयोग नसतो. तिथे बाया-पुरुष नुसत्या ओठांनी बोलायचे, आणि जन्मभर बोलत राहायचे. विल्फही तरुणपणी तिथेच कामाला होता, आणि या दोघांचं लग्नसुद्धा असंच साच्यांच्या दोन रांगांच्या पलीकडून ठरलं होतं. गिलियनला ती भाषा कधी आली नाही. एनिडने आता विल्फकडे पाहिलं आणि आवाज न करता, एकेक शब्द ओठांवर स्वच्छ उमटवत विचारलं.

"तू सांगितलंस हिला?"

विल्फने खिडकीकडे, लेकीच्या पाठीकडे पाहिलं.

"शब्द दिला होतास मला तू."

एका वाक्यात सुटका होती. तूच फोन केलास, मंगळवारी, त्या तिथे उभी राहून, तुझ्या तोंडाने सांगितलंस. मग ती मंगळवार शोधायला लागली असती. विल्फने तो शोध पाहिला होता, ती डोळ्यांनी कशी आत आत धुंडाळते आणि तिथे काही नसतं, आणि मग कशी घाबरते. लेकीच्या देखत, त्या आवाजानंतर, तिला पुन्हा तिथे ढकलायचं? आणि तसं पाहिलं तर आधी बोललं कोण होतं? दीड पान कुणी लिहिलं होतं?

"हो," त्याच्या ओठांनी सांगितलं. "मीच सांगितलं."

एनिडने तोंड फिरवलं. खिडकीशी गिलियन कार्डावरचे आकडे कुणा परक्याला वाचून दाखवत होती. विल्फने चहा केला, केक कापला. एनिडने त्याच्या हातचा कप घेतला नाही. तो त्याने ठेवून दिला, आणि गिलियनने ओतून दिला तो तिने घेतला.

पुढे सगळं गिलियनच्या रीतीने नीट झालं. फेब्रुवारीत खोली मिळाली, पडदे लागले. विल्फ रोज दोन बस बदलून तिथे जातो. एनिड हळूहळू बरंच विसरली. कंपनी विसरली, आल्डर मिल विसरली, गिलियनचं नाव कधी आठवतं, कधी नाही. विल्फला तर ती नावाने हाक मारत नाही आता, बरेच दिवस झाले. तो समोरच्या खुर्चीत कोट मांडीवर घेऊन बसतो. पण तिथली परिचारिका तिची उशी सारखी करायला वाकली, की एनिड तिचा हात धरते आणि विल्फकडे डोळ्यांनी खूण करून हळूच सांगते, "त्या माणसापुढे काही बोलू नकोस हं, बाई. त्याच्या पोटात काही राहत नाही." परिचारिका ओशाळून विल्फकडे बघते. विल्फ मान डोलावतो आणि म्हणतो, खरं आहे त्यांचं.